लाकडी पाटी: हात हळू म्हणजे काम सुबक?

नाशिकमध्ये घराच्या पाटीसाठी पहिल्यांदा राऊटर (लाकूड कोरायचं विजेवरचं यंत्र) हातात घेतला की सल्ला ठरलेला: ‘सावकाश फिरव, अक्षर सुबक येईल.’ हे अर्धंच खरं.

राऊटरचं कापणारं पातं, म्हणजे बिट, मिनिटाला हजारो फेरे घेतं. ते एका जागी रेंगाळलं की कापण्याऐवजी घासतं, तापतं आणि लाकूड करपतं. माझ्या ‘पंचवटी’तला ‘ट’ असाच काळा पडला (घरच्यांना वाटलं, मुद्दाम केलंय!). सावकाशी हवी ती खोली वाढवण्यात: ६ मिलिमीटर खोल अक्षर ३-३ मिलिमीटरच्या दोन फेऱ्यांत कोरा, हात मात्र एकसारखा पुढे सरकू दे. बिट बोथट असेल तर तेही पुरत नाही. डाग बहुतेक वळणावर पडतात, कारण हात तिथेच अडखळतो. म्हणून आधी टाकाऊ फळीवर ‘श्री’ गिरवा. गॉगल लावूनच.