पार्श्वभूमी: पीटर ऑम्टझिख्त, सरकारला जड गेलेला डच खासदार

२५ मार्च २०२१. नेदरलँड्समध्ये निवडणूक होऊन आठवडा उलटला होता, नव्या सरकारची बोलणी सुरू होती. बोलण्यांत मध्यस्थी करणाऱ्या मंत्री कायसा ओलोंग्रेन यांना कोरोनाची लागण झाल्याचे कळले आणि त्या घाईने बाहेर पडल्या. त्यांच्या हातातल्या कागदांचा फोटो निघाला, त्यात एक नोंद स्पष्ट वाचता येत होती: ‘ऑम्टझिख्त यांचे स्थान, अन्यत्र पद’. मंत्री नसलेल्या एका खासदाराची सोय दुसरीकडे लावण्याचा विचार का व्हावा?

पीटर ऑम्टझिख्त यांचा जन्म १९७४चा. अर्थमितीत डॉक्टरेट केलेले हे गृहस्थ २००३ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षातर्फे (सीडीए) संसदेत आले. करव्यवस्था आणि निवृत्तिवेतन हे त्यांचे विषय. फायली मुळापासून वाचायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहायचे, ही त्यांची पद्धत स्वपक्षालाही अडचणीची वाटे. २०१२ मध्ये पक्षाने त्यांना उमेदवार यादीत ३९व्या क्रमांकावर टाकले. पक्षाला जागा मिळाल्या १३. तरीही ते निवडून आले. डच मतदार यादीतल्या एका नावालाच मत देतो, आणि एका जागेला लागणाऱ्या मतांचा चौथा हिस्सा स्वतःच्या नावावर मिळवणारा उमेदवार यादीतला क्रम ओलांडू शकतो. ऑम्टझिख्त यांना ३६ हजारांहून अधिक मते पडली. त्यांचे बळ पक्षाकडून नव्हे, थेट मतदारांकडून आले होते. पुढचे सारे यातूनच घडले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे पाळणाघर अनुदानाचे प्रकरण. अर्जातल्या किरकोळ चुकीवरून करखात्याने हजारो पालकांना फसवे ठरवले आणि वर्षानुवर्षांचे अनुदान परत मागितले. यात परदेशी मुळाची कुटुंबे मोठ्या संख्येने भरडली गेली. घरे गेली, संसार मोडले. समाजवादी पक्षाच्या रेन्स्के लायटन आणि काही पत्रकारांबरोबर ऑम्टझिख्त यांनी हे खणून काढले, तेही आपलाच पक्ष सत्तेत असताना. संसदीय समितीने डिसेंबर २०२० मध्ये याला ‘अभूतपूर्व अन्याय’ म्हटले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या सरकारने राजीनामा दिला. खासदाराने आपले काम केले तर काय होऊ शकते, याचे इतके ठळक उदाहरण अलीकडच्या युरोपात क्वचितच सापडेल.

फोटोनंतर, आपण ऑम्टझिख्त यांच्याविषयी बोललोच नव्हतो, असे रुटे म्हणाले. बैठकीच्या नोंदींनी ते खोटे ठरवले. रुटे यांच्यावरचा अविश्वास ठराव थोडक्यात फेटाळला गेला, निषेधाचा मात्र मंजूर झाला. थकलेल्या ऑम्टझिख्त यांनी जूनमध्ये पक्ष सोडला.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ‘नवा सामाजिक करार’ हा पक्ष काढला आणि तीनच महिन्यांत १५० पैकी २० जागा मिळवल्या. इथून मात्र गणित फिरले. कायद्याच्या राज्याचा आग्रह धरणाऱ्या या नेत्याने, ज्यांच्या इस्लामविषयक भूमिका ते स्वतः घटनाविरोधी मानत होते, त्या अतिउजव्या गीर्ट विल्डर्स यांच्या पक्षाबरोबरच्या सरकारला आधार दिला. माझ्या मते ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत महागडी तडजोड होती. एकट्याने सरकारला जाब विचारणे आणि पक्ष सांभाळत सत्तेत वाटेकरी होणे, ही दोन वेगळी कामे. दुसऱ्या कामाने त्यांची प्रकृतीही खचली. १८ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. ऑक्टोबरच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.