सेटिंग आणि रीडिंग: कॉफी भाजताना उष्णता आणि हवा नेमकी कशी नोंदवावी

कॉफी भाजणाऱ्या मंडळींच्या आर्टिसनमधल्या (भाजणीची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) फाइली पाहताना एक गोंधळ इतक्या नियमितपणे समोर येतो की त्यावर एकदा सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. आलेखावर ‘बर्नर ७०’ अशी नोंद असते. पण हे ७० म्हणजे नॉब ज्या खुणेवर फिरवला ती खूण, की मॅनोमीटरवर, म्हणजे गॅसच्या दाबमापकावर, दिसलेल्या दाबाचे कमाल दाबाशी असलेले प्रमाण, की डोळ्यांनी ज्योत पाहून बांधलेला अंदाज, हे आठवड्याभराने खुद्द लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. सेटिंग म्हणजे आपण यंत्राला काय सांगितले, आणि रीडिंग म्हणजे यंत्राने प्रत्यक्षात काय केले. बहुतेक दिवशी दोन्ही आकडे हातात हात घालून चालतात, म्हणूनच ते एकच आहेत असा समज पक्का होतो.

सेटिंगची नोंद वाचकांना परिचित असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. आर्टिसनमध्ये हवा, ड्रम (बिया ज्यात फिरत भाजल्या जातात ते पिंप), डँपर (हवेच्या नळीतली झडप) आणि बर्नर असे चार प्रकारचे इव्हेंट, म्हणजे आपण केलेल्या बदलांच्या नोंदी, आधीपासून दिलेले असतात. आपण बटण दाबतो किंवा स्लायडर सरकवतो, त्या क्षणाची वेळ आणि आकडा नोंदला जातो, आणि पुढचा बदल होईपर्यंत तोच आकडा लागू आहे असे गृहीत धरून पायऱ्यापायऱ्यांची रेघ काढली जाते. रीडिंग मात्र सेन्सरकडून येते. गॅसच्या नळीवर दाबाचा सेन्सर बसवून तो अतिरिक्त उपकरण म्हणून जोडला, की बियांच्या तापमानाप्रमाणेच त्याचीही दर काही सेकंदांनी नोंद होत राहते आणि अखंड वक्ररेषा मिळते. एक पायऱ्यांची रेघ, दुसरी वक्ररेषा. एक हाताने भरायची, दुसरी आपोआप येणारी. हे फरक आलेखाकडे पाहताच कळतात, त्यांत कोणी अडखळत नाही.

लोक अडखळतात ते पुढच्या मुद्द्यावर: तेच सेटिंग म्हणजे तीच उष्णता नव्हे. पुण्यात जानेवारीतल्या एका सकाळी मी आदल्या दिवशीचाच क्रम हुबेहूब पाळला होता. तीच कॉफी, घाण्याचे तेच वजन, ड्रमचे सुरुवातीचे तेच तापमान आणि नॉब ७० वर. आदल्या दिवशी ८ मिनिटे ४० सेकंदांना सुरू झालेला फर्स्ट क्रॅक, म्हणजे बिया पहिल्यांदा तडकण्याचा आवाज, त्या दिवशी साडेनऊ मिनिटे झाली तरी ऐकू येईना, आणि बियांच्या तापमानवाढीचा दर मधल्या टप्प्यातच मलूल झाला होता. माझी इव्हेंटची नोंद दोन्ही दिवशी अक्षरशः सारखी होती, त्यामुळे ती पाहून काहीही उलगडा होण्यासारखा नव्हता. उलगडा झाला तो मॅनोमीटरकडे पाहिल्यावर. आदल्या दिवशी काटा २४ मिलिबारवर होता, त्या सकाळी तो १९ च्या आसपास रेंगाळत होता, आणि सिलिंडरला हात लावला तर तो तळाशी बर्फासारखा गार लागत होता.

कारण साधे आहे. सिलिंडरमधला गॅस द्रवरूपात असतो आणि त्याचे बाष्प होण्यासाठी लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजेच भोवतालच्या हवेतून घेतो. जितका जोरात गॅस ओढावा तितका द्रव थंड होतो आणि तितका त्याचा दाब घटतो. शिवाय एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतो, तर ब्युटेन उणे ०.५ अंशाला, त्यामुळे वापरताना प्रोपेनचा भाग आधी अधिक निघून जातो आणि सिलिंडर संपत येतो तेव्हा उरलेल्या द्रवात ब्युटेनचे प्रमाण वाढलेले असते, ज्याचा दाब मुळातच कमी. पुरवठ्याचा दाब पुरेसा आहे तोवर रेग्युलेटर हा सगळा फरक झाकून ठेवतो. तो पुरेसा राहिला नाही की बर्नरकडे जाणारा दाब उतरू लागतो. नॉबला यातले काहीच ठाऊक नसते.

इथे आणखी एक गफलत होते आणि ती मला अधिक खटकते, कारण ती मॅनोमीटर बसवलेले, म्हणजे काळजीने काम करणारे लोकही करतात. दाबाचा आकडा म्हणजेच उष्णतेचा आकडा असे ते धरून चालतात. बर्नरच्या जेटमधून, म्हणजे बारीक छिद्रातून, जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब १० वरून २० मिलिबार केला तर उष्णता दुप्पट होत नाही, सुमारे १.४ पट होते. ती दुप्पट करायची तर दाब ४० वर न्यावा लागेल. माझ्या त्या सकाळच्या घाण्यात दाब जवळपास २१ टक्क्यांनी कमी होता, पण उष्णता सुमारे ११ टक्क्यांनीच कमी मिळाली असणार, आणि फर्स्ट क्रॅक लांबायला तेवढी घट पुरेशी होती. म्हणून ‘बर्नर ५० टक्के’ असे लिहिणाऱ्याला माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो, की हे पन्नास टक्के कशाचे? नॉबच्या फेऱ्याचे, दाबाचे की उष्णतेचे? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी येतात.

विजेवर चालणाऱ्या छोट्या रोस्टरवर हा प्रश्न येत नाही, असे अनेकांना वाटते, कारण तिथे टक्केवारी थेट हीटरला दिली जाते. पण हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टच्या जागी २०७ व्होल्ट मिळाले, म्हणजे व्होल्टेज दहाच टक्क्यांनी उतरले, तर त्याच ८० टक्के सेटिंगला सुमारे १९ टक्के कमी उष्णता मिळते. संध्याकाळी दिवे मंदावतात अशा भागात भाजणाऱ्याने व्होल्टेजची नोंद ठेवलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवेच्या बाबतीतही तेच घडते, फक्त अधिक हळूहळू, म्हणून ते लक्षात येत नाही. पंख्याचे सेटिंग ६० असते आणि महिनाभर ६० च राहते, पण चॅफ, म्हणजे बियांवरून सुटणारी पातळ फोलपटे, सायक्लोनमध्ये (ती गोळा करणाऱ्या भांड्यात) आणि धुराड्याच्या वळणांवर तेलकट धुराबरोबर चिकटत जातात आणि त्याच वेगाने फिरणाऱ्या पंख्यातून जाणारी हवा दर आठवड्याला थोडी थोडी कमी होते. कॉफीला धुराचा वास येऊ लागतो, आणि दोष मात्र कच्च्या मालाला दिला जातो. ड्रममधला ऋण दाब पास्कलमध्ये मोजणारा सेन्सर असेल तर ही घसरण वक्ररेषेत दिसते. नसेल तर नमुना काढण्याच्या छिद्रापाशी लायटरची ज्योत धरून ती किती आत ओढली जाते हे पाहण्याची जुनी पद्धत आहे, आणि निदान आठवड्यातून एकदा ती वापरावी.

याच ओघात हेही सांगितले पाहिजे, की पंखा आणि डँपर या दोन्हींची नोंद ‘हवा’ या एकाच नावाखाली करू नये. पंख्याचा वेग वेगळा आणि नळीतली झडप किती उघडी आहे ते वेगळे. आर्टिसनने त्यांना दोन स्वतंत्र प्रकार दिलेले असताना ते एकत्र करण्यात काहीही अर्थ नाही.

मग नोंदवायचे काय? ज्याच्या यंत्रावर हाताने फिरवायचा गॅसचा व्हॉल्व्ह आणि मॅनोमीटर आहे, त्याने इव्हेंटमध्ये नॉबची खूण लिहूच नये, मॅनोमीटरचा आकडा लिहावा, आणि तोही मिलिबारमध्ये, कारण किलोपास्कलमधले २.४ लिहिण्यापेक्षा २४ हा पूर्णांक लिहिणे सोयीचे आणि चुका टाळणारे असते. आकडा नेहमी पूर्ण लिहावा. ‘गॅस वाढवला’ किंवा ‘अधिक पाच’ अशा नोंदींमधली एक जरी चुकली किंवा राहून गेली, तर तिच्यानंतरच्या सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात. पंख्याच्या बाबतीत मी सेटिंग इव्हेंटमध्ये लिहितो आणि दाब वक्ररेषा म्हणून ठेवतो, कारण पंख्याला आज्ञा देता येते ती वेगाचीच.

सेन्सर जोडलेला असेल तर आर्टिसनमधल्या क्वांटिफायर या सोयीने त्याच्या रीडिंगवरून इव्हेंट आपोआप नोंदवता येतात. ती सोय उत्तम आहे, मात्र तेव्हा आलेखावरची पायरी ही आपली आज्ञा राहत नाही, ते मापन होते. सिलिंडरचा दाब उतरल्यामुळे आपोआप नोंदलेली पायरी पुढे कोणी ‘इथे गॅस कमी केला’ अशी वाचली, तर तो त्या घाण्यातून चुकीचेच शिकेल. याच्या उलट गोष्ट प्लेबॅकची. मागच्या घाण्याचे इव्हेंट पार्श्वभूमीला ठेवून पुन्हा घडवून आणताना सॉफ्टवेअर फक्त आज्ञा परत देते. बर्नरला ७० सांगितले होते, तर ७० च सांगते; त्या ७० मधून आज किती दाब मिळतो आहे याची ते चौकशी करत नाही. प्लेबॅकवर विसंबणाऱ्याने दाबाची मागची आणि आजची रेषा एकमेकींवर ठेवून पाहिल्याशिवाय घाण्यावर विश्वास ठेवू नये.

त्या जानेवारीनंतर मी रोज पहिला घाणा टाकण्याआधी बर्नर पाच मिनिटे चालू देतो, नॉब ७० वर ठेवून मॅनोमीटरचा आकडा फाइलमधल्या टिपणाच्या रकान्यात लिहितो, आणि तो २४ च्या खाली दोन मिलिबारहून अधिक गेला असेल तर भाजायला सुरुवात करण्यापूर्वीच सिलिंडर बदलतो.