सिनेमा निवडायचा कुठे: संगणकावर की सोफ्यावर?

नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली, तेव्हा ते फक्त विंडोजच्या संगणकावर दिसायचे. कंपनीचा मूळ धंदा पोस्टाने डीव्हीडी घरी पाठवण्याचा. पण टेबलाशी ताठ बसून दोन तासांचा सिनेमा बघणार कोण? म्हणून टीव्हीला जोडायचा एक छोटा बॉक्स कंपनीने स्वतःच करायला घेतला. काम होतं अँथनी वुड यांच्याकडे. बॉक्स जवळपास तयार झाला आणि नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी बेत बदलला. आपणच बॉक्स विकायला लागलो तर बाकीचे यंत्रवाले आपल्याला जागा देणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. मग ते काम वुड यांच्याच रोकू कंपनीकडे गेलं आणि मे २००८ मध्ये बॉक्स शंभर डॉलरला बाजारात आला.

गंमत अशी, की या बॉक्सवर सिनेमा शोधायची सोयच नव्हती. संगणकावर बसून वेबसाइटवरच्या यादीत सिनेमे टाकून ठेवायचे. टीव्हीवर फक्त त्या यादीतली पोस्टरं ओळीने दिसायची. नवा काही आठवला की उठा आणि संगणकापाशी जा. लोक वैतागायचे. मला मात्र ती रचना शहाणपणाची वाटते: टायपिंग कीबोर्डवर, बघणं सोफ्यावर.

एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावर नोव्हेंबर २००८ मध्ये हीच सेवा आली, तीही याच यादीच्या आधाराने. टीव्हीवरच सिनेमे धुंडाळायची सोय तिथे ऑगस्ट २००९ मध्ये झाली. प्लेस्टेशन ३ या दुसऱ्या गेमयंत्राची तऱ्हा आणखी न्यारी. नोव्हेंबर २००९ पासून जवळजवळ वर्षभर, ऑनलाइन सिनेमा बघायचा तर आधी नेटफ्लिक्सकडून आलेली डिस्क यंत्रात घालावी लागे!

पुढे निवडणंही सोफ्यावरच आलं, आणि सोबत पडद्यावरची अक्षरांची चौकट आली. एका ओळीत सहा अक्षरं धरा आणि ‘ए’पासून निघून निळू फुले यांचं नाव इंग्रजीत टाइप करून बघा. मधली मोकळी जागा सोडली तरी अठ्ठावीस वेळा बाण आणि नऊ वेळा ओके, म्हणजे सदतीस वेळा बटण.

जुलै २०१३ मध्ये टीव्हीत खोचायचा, गूगलचा पस्तीस डॉलरचा क्रोमकास्ट आला, तो रिमोटशिवायच. सिनेमा फोनवर शोधायचा आणि टीव्हीवर पाठवायचा. म्हणजे २००८ चीच विभागणी, फक्त संगणकाच्या जागी खिशातला फोन. २०१४ च्या अॅमेझॉनच्या फायर टीव्ही या बॉक्सने रिमोटमध्ये माइक दिला, बोलून शोधा म्हणून.

नेटफ्लिक्स भारतात आलं जानेवारी २०१६ मध्ये, तोवर ही सगळी उस्तवार तिकडे होऊन गेली होती. मराठी माणसाच्या वाट्याला वेगळाच घोळ उरला. सदतीस बटणं दाबून झाल्यावर कळतं, की त्यांच्याकडे ‘फुले’ ‘पीएच’ने नाही, ‘एफ’ने लिहिलंय.