आधी शेक की आधी ऑपरेशन?

शौचावाटे रक्त पडलं की जळगाव-धुळ्याकडे पहिलं निदान घरीच होतं: मूळव्याध. चूर्ण, पथ्य यात कधी महिने जातात. मग दुर्बिणीची तपासणी होते, तुकडा तपासायला जातो आणि रिपोर्ट येतो, गुदाशयाचा कॅन्सर. सीटी स्कॅनही होतो. त्यावर डॉक्टर एमआरआय लिहून देतात, तेव्हा नातेवाईक वैतागतात, ‘कॅन्सर ठरला ना भो, मग आता हे कशाला?’

प्रश्न रास्त आहे. कॅन्सर आहे हे तुकडा सांगतो. यकृत-फुप्फुसात पसरलाय का, हे सीटी. एमआरआय बघायचा तो सुरुवात कशाने करायची, शेकाने (म्हणजे रेडिएशनने) की ऑपरेशनने, हे ठरवायला.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण 15 सेंटिमीटरचा भाग. त्याच्याभोवती चरबी आणि चरबीवर पातळ पडदा. हा पडदा न फाटता गुदाशय चरबीसकट निघाला, तर गाठ त्याच जागी परत येण्याचा धोका बराच घटतो, हे बिल हील्ड या ब्रिटिश सर्जनने 1980च्या दशकात दाखवलं. एमआरआयमध्ये चरबी पांढरी, गाठ करडी आणि पडदा बारीक काळी रेघ असा दिसतो. रेडिओलॉजिस्ट गाठीपासून रेघेपर्यंतचं अंतर मोजतो. ते 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर ऑपरेशनमध्ये गाठीचा अंश मागे राहण्याची भीती असते. म्हणून सहसा आधी शेक आणि केमो. गाठ आसपासच्या रक्ताच्या शिरांमध्ये घुसली आहे का, तेही याच फोटोंत कळतं.

पण फोटो नीट हवेत. काप 3 मिलिमीटरचे आणि गाठीला काटकोनात घ्यावे लागतात. केळं तिरकं कापलं की साल आहे त्याहून जाड दिसते, तसंच तिरक्या कापात गाठ खोल गेल्याचा भास होतो. ‘पोटाचा एमआरआय’ एवढंच चिठ्ठीवर असेल तर हे काप घेतलेच जातील असं नाही. चिठ्ठीवर गुदाशयाच्या कॅन्सरचा उल्लेख हवाच.

लसिकाग्रंथींच्या (कॅन्सर पसरू शकतो अशा आसपासच्या छोट्या ग्रंथींच्या) बाबतीत मात्र हे यंत्र चुकतं. ग्रंथीच्या नुसत्या लहान-मोठेपणावरून कॅन्सर सांगता येत नाही. कडा वेड्यावाकड्या आहेत का, आतला रंग एकसारखा आहे का, तेही बघतात.

शेक संपल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय होतो. गाठ विरून तिथे व्रण उरला तर तो काळा दिसतो. त्यात जिवंत पेशी लपलेल्या असू शकतात, म्हणून बोटाने आणि दुर्बिणीनेही तपासतात. तिन्हींत काहीच सापडलं नाही, तर निवडक रुग्णांत ऑपरेशन थांबवून दर काही महिन्यांनी तपासण्या चालू ठेवतात.