कॅन्डिडा कातडीला चिकटतो कसा

पावसाळ्यात जांघेत, छातीखालच्या घडीत, नाहीतर बाळाच्या लंगोटाच्या जागी जो लालभडक ओलसर पट्टा उठतो ना, तो एकदा चांगल्या उजेडात बघा. मधली कातडी सोलल्यासारखी चकचकीत असते आणि पट्ट्याच्या जरा बाहेर टाचणीच्या डोक्याएवढे लाल नाहीतर पिवळसर ठिपके सुटे सुटे पसरलेले असतात. गजकर्णाचं तसं नसतं, त्याची कड उठावदार असते, गोल गोल वाढत जाते आणि मधली कातडी बरी झाल्यासारखी वाटते. बाजूला हे सुटे ठिपके दिसले की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते कॅन्डिडाचं, म्हणजे यीस्ट जातीच्या बुरशीचं.

आता हा कॅन्डिडा अल्बिकन्स काही बाहेरून आलेला पाहुणा नाही, कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात तो गुपचूप राहत असतो. पण कातडीवर टिकणं सोपं नाही. वरचा थर मेलेल्या पेशींचा, तो रोज झडतो, घाम वाहतो, आपण अंघोळ करतो, घासतो, पुसतो. त्यामुळे बुरशीचं पहिलं काम खाणं नाही, वाढणंही नाही, पहिलं काम म्हणजे घट्ट धरून बसणं. ते जमलं नाही तर पुढचं काहीच होत नाही, आणि हे धरायचं काम करतात तिच्या अंगावरची प्रोटीन्स.

यीस्टची एक पेशी साधारण ४ ते ६ मायक्रॉनची, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत दहा-बारा शेजारी शेजारी बसतील. तिच्याभोवती जाड भिंत असते आणि ती बहुतेक साखरेच्या लांब साखळ्यांची, आत कायटिन (खेकड्याच्या कवचात असतं तेच), मग ग्लुकान आणि सगळ्यात बाहेर मॅनन. या भिंतीत प्रोटीन्सची शेपटी पक्की रोवलेली असते आणि डोकं बाहेर. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं घराणं म्हणजे एएलएस, कॅन्डिडा अल्बिकन्सकडे या घराण्याचे ८ जीन आहेत. यांच्या डोक्यात एक छोटीशी खोबण असते, समोर दुसऱ्या कुठल्या प्रोटीनचं मोकळं टोक आलं की ते त्या खोबणीत जाऊन बसतं. म्हणजे ठराविक एकच प्रोटीन लागतं असं नाही, आपल्या पेशींवरची बरीच वेगवेगळी प्रोटीन्स चालतात, म्हणून ही पकड इतकी उपयोगी.

पण खरी गंमत पेशी आकार बदलते तेव्हा सुरू होते. लॅबमध्ये एक जुनी, साधी टेस्ट आहे, थोडं सीरम (गोठलेल्या रक्तावर सुटणारं पिवळसर पाणी) घ्यायचं, त्यात यीस्ट टाकायचं, ३७ डिग्रीला दोन-तीन तास ठेवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ डोळा लावून बसलो होतो, गोल पेशीतून एक सरळ बारीक नळी बाहेर आलेली, मोड आलेल्या मटकीसारखी. ही नळी म्हणजे हायफाची, म्हणजे बुरशीच्या लांब धाग्याची सुरुवात, आणि एएलएस३ आणि एचडब्ल्यूपी१ ही दोन प्रोटीन्स या नळीवरच येतात, गोल पेशीवर जवळजवळ नसतात.

एचडब्ल्यूपी१ मला सगळ्यात विलक्षण वाटतं. आपल्या शरीरात ट्रान्सग्लुटामिनेज नावाचा एन्झाइम असतो, तो प्रोटीनला प्रोटीन कायमचं जोडतो, कातडीचा वरचा थर मजबूत होतो तो याच्यामुळेच, गवंड्याने विटा सिमेंटने जोडाव्यात तसं. एचडब्ल्यूपी१ ची बाहेरची बाजू आपल्या या विटांसारखीच दिसते. मग आपलाच एन्झाइम बुरशीला आपल्याच पेशीला जोडून टाकतो, गालाच्या आतल्या पेशींवर १९९९ साली हे दाखवलं गेलं. नुसती चिकटलेली गोष्ट धुवून निघते, ही अशी जोडलेली निघत नाही.

एएलएस३ ची कामं तर तीन, ते चिकटतं, आपल्या पेशीला फसवून बुरशीला आत ओढून घ्यायला लावतं आणि वर आपल्या फेरिटिनमधलं (लोह साठवणारं आपलं प्रोटीन) लोह मिळवायलाही मदत करतं.

अंगात प्रतिकारशक्ती असते ती हे सगळं बघत बसत नाही. कॅन्डिडाला आवरण्यात आयएल-१७ या सिग्नलचा मोठा वाटा, सोरायसिससाठी तोच सिग्नल अडवणारी औषधं घेणाऱ्यांना कॅन्डिडाचा त्रास जास्त होतो तो त्यामुळेच. आणि म्हणूनच मला मेडिकलमधून न विचारता आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमची फार काळजी वाटते. लाली आणि खाज दोन दिवसांत उतरते, माणसाला वाटतं बरं झालं, पण लाली म्हणजे आपल्या पेशींची लढाई होती, ती थांबली आणि बुरशी मात्र जागेवरच. कृपा करून असं करू नका, डॉक्टरांना दाखवा, वारंवार होत असेल तर शुगरही तपासून घ्या आणि घड्या टॉवेलने टिपून कोरड्या ठेवा, कारण ओलसर, मऊ पडलेली कातडी कॅन्डिडाला सगळ्यात सोयीची.

कॅन्डिडाचाच भाऊबंद असलेला कॅन्डिडा ऑरिस तर कातडीवरच राहायला आल्यासारखा वागतो. २००९ मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानातून तो पहिल्यांदा ओळखला गेला, ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. त्याचे बहुतेक नमुने फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत आणि हॉस्पिटलमध्ये तो पेशंटच्या कातडीवर महिनोन्महिने राहतो, कॅथेटरच्या प्लास्टिकवरही. २०२३ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या टीमने त्याचं एससीएफ१ हे प्रोटीन शोधलं. बाकी बुरशींची चिकट प्रोटीन्स बहुधा पाण्यापासून पळणाऱ्या, तेलकट भागांवर अवलंबून असतात, हे मात्र धन विद्युतभाराच्या जोरावर धरतं, आणि ते काढून टाकलं की कातडी आणि प्लास्टिक दोन्हीवरची पकड ढिली पडते.

या पकडीवरच औषध शोधायची खटपट चालू आहे. एएलएस३ च्या तुकड्यापासून एनडीव्ही-३ए नावाची लस बनवली गेली, योनिमार्गाचं यीस्ट इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होणाऱ्या बायकांवर तिची चाचणी झाली आणि त्यातल्या चाळिशीच्या आतल्या बायकांमध्ये परत होण्याचं प्रमाण कमी दिसलं. तीच लस उंदरांना दिली तर कॅन्डिडा ऑरिसपासूनही संरक्षण मिळालं, कारण एएलएस३ सारखी दिसणारी प्रोटीन्स त्याच्या अंगावरही आहेत.