इंजिन ओरडतंय, गाडी मात्र ढिम्म

पुढच्या ट्रकला मागे टाकायचं म्हणून चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज चढला, इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा टुणकन वर गेला, पण गाडी आपल्याच चालीने चाललीय. पाय जरा उचलला की काटा खाली येतो आणि सगळं पुन्हा ठीकठाक. क्लच घसरायला लागल्याची ही पहिली खूण. ती इतकी बेमालूम असते की बरेच जण महिनाभर पेट्रोललाच दोष देत बसतात.

खरं म्हणजे घसरणं हे क्लचचं कामच आहे. गाडी उभी, इंजिन मात्र मिनिटाला हजार फेरे घेतंय; या दोघांची गाठ घालायची तर मध्ये कोणीतरी थोडा वेळ घसरायलाच हवं. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील असतं, त्याला बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट असते आणि दोघांच्या मध्ये दाबून धरलेली क्लच प्लेट. क्लच प्लेटचा सांधा गिअरबॉक्सच्या शाफ्टशी. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांवर रेटतं, पकड सुटते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पाय सोडला की पुन्हा घट्ट.

ही पकड किती, ते गुणाकाराने काढता येतं: प्लेटचे दोन पृष्ठभाग, गुणिले घर्षणांक (पृष्ठभाग किती धरून ठेवतो त्याचा आकडा), गुणिले स्प्रिंगचा दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. घर्षणांक ०.३, दाब ४००० न्यूटन आणि त्रिज्या ८ सेंटिमीटर धरली तर उत्तर येतं १९२ न्यूटन-मीटर. छोट्या पेट्रोल इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० च्या आसपास असेल, तर हाताशी भरपूर शिल्लक आहे. लायनिंगचं, म्हणजे क्लच प्लेटवर रिव्हेटने बसवलेल्या घर्षणाच्या थराचं, क्षेत्रफळ या गुणाकारात कुठेच नाही. घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे गियोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्येच मांडलं होतं. मोठं क्षेत्रफळ लागतं ते उष्णता आणि झीज वाटून घ्यायला.

क्लच घसरतोय म्हणजे यातला एखादा आकडा खाली आलाय. त्रिज्या तर बदलत नाही. उरले दोन संशयित: घर्षणांक आणि दाब. निदान म्हणजे या दोघांतला चोर कोण ते शोधणं. ते न करता थेट प्लेट बदलणारे मेकॅनिक मला पटत नाहीत.

आधी क्लच घसरतोय याची खात्री करू. गिअर एकच असेल तर वेग आणि आरपीएम यांचं प्रमाण पक्कं बांधलेलं असतं. समजा चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० किलोमीटरला काटा १९०० वर असतो. मग ५५ ला तो २०९० च्या जवळपासच हवा. मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो चढाला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. ५५ लाच काटा २६०० दाखवत असेल तर पाचशे फेरे मधल्यामध्ये हरवताहेत.

चाचणी वरच्या गिअरमध्येच का? खालच्या गिअरमध्ये इंजिन झपाट्याने वेग घेतं, त्यामुळे त्याच्या टॉर्कचा बराच भाग स्वतःचं फ्लायव्हील फिरवण्यातच खर्च होतो. वरच्या गिअरमध्ये वेग सावकाश वाढतो आणि जवळजवळ सगळा टॉर्क क्लचवर येतो. रमतगमत चालवताना क्लचवर जेमतेम ३०–४० न्यूटन-मीटर येतात, तेवढे अर्धमेला क्लचही पेलतो. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडून इंजिन बंद पडतं का पाहायची एक पद्धत आहे. बंद पडलं नाही तर क्लच नक्की गेला. पण बंद पडलं म्हणजे क्लच ठणठणीत, असं मात्र नाही. आणि ही चाचणी पुन्हा पुन्हा करू नये.

कारण उष्णता. शंभर न्यूटन-मीटर टॉर्कला पाचशे फेऱ्यांची घसरण म्हणजे सुमारे पाच किलोवॅट, पाच इस्त्र्या एका बंद डब्यात. लायनिंगमधले तंतू रेझिनने बांधलेले असतात. ते तापलं की करपल्याचा तो ओळखीचा वास येतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, घर्षणांक उतरतो, म्हणून घसरण वाढते, म्हणून उष्णता आणखी. चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे नेमकं हेच करतात: गाडी जागची हलत नाही, त्यामुळे क्लचमध्ये जाणारी सगळी ऊर्जा उष्णतेतच जाते.

आता दाबाकडे. पेडल केबलने क्लचला जोडलेलं असतं त्या गाडीत प्लेट झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगच्या पाकळ्या उलट बाहेर, बेअरिंगच्या दिशेने येतात. पेडलची मोकळी चाल, म्हणजे सुरुवातीची सैल हालचाल, संपते, बेअरिंग पाकळ्यांवर कायम टेकून राहतं, जणू कोणीतरी पेडलवर पाय ठेवलाय. अशा वेळी केबल सैल केली तरी काम भागू शकतं. म्हणून पेडल आधी हाताने दाबून पाहावं. किंचित मोकळी चाल लागली पाहिजे. केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये तेल परत जायचं छिद्र तुंबलं तरी हाच प्रकार होतो.

स्प्रिंगचा स्वभावही मोठा मजेशीर. ती बशीसारखी असते आणि प्लेट झिजू लागल्यावर तिचा दाब आधी थोडा वाढतो, मग उतरू लागतो. शेवटी शेवटी तो भराभर पडतो. ‘परवापर्यंत गाडी मस्त होती हो’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो.

घर्षणांक उतरवणारी आणखी एक शक्यता तेलाची. इंजिनचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळलं आणि घर्षणांक ०.३ वरून ०.१५ वर आला, की १९२ चे ९६ होतात. इंजिनचे ११० आता पेलत नाहीत. प्लेट नवी असली तरीही. एकदा मी सील तसंच ठेवून फक्त प्लेट बदलून घेतली होती. थोड्याच दिवसांत तोच वास, तोच काटा, आणि गिअरबॉक्स पुन्हा खाली.

कामाचा मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्यातच जातो. म्हणूनच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग हा संच एकदमच बदलतात. उघडल्यावर जुनी प्लेट जरूर हातात घ्या. लायनिंगच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती खोल आहे ते बघा, ०.३ मिलिमीटर उरलं की प्लेट संपली, असं बरीच सर्व्हिस मॅन्युअल सांगतात. रिव्हेट चकाकत असतील तर त्यांनी फ्लायव्हीलवर गोल चरे पाडलेले दिसतील. निळसर डाग म्हणजे तिथे लोखंड तापलं होतं. बारीक तडे असतील तर फ्लायव्हील बदलायचं. आतली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

बसवताना प्लेटची गिअरबॉक्सकडची बाजू तिकडेच हवी आणि प्लेट मधोमध आणायला अलाइनमेंटचा दांडा हवा, नाहीतर शाफ्ट शिरतच नाही. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल पुसून काढायचं. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी किंचित. जास्त झालं तर फिरताना ते लायनिंगवरच उडणार. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत न्यायचे. आणि गिअरबॉक्स सरकवताना त्याचा भार शाफ्टवर लोंबकळू द्यायचा नाही, प्लेट वाकते.

नवं लायनिंग सुरुवातीला फक्त उंचवट्यांवर टेकतं, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर पूर्ण जोर लावायचा नाही. केबलच्या गाडीत पकड आता बरीच खाली लागते. पायाला जुनीच उंची पाठ झालेली असते, त्यामुळे गॅरेजच्या दारातच गाडी एक-दोनदा बंद पडते.