बोहेमंडने शपथ मोडली का? अँटिओकच्या भांडणामागची पार्श्वभूमी

पहिलं क्रूसेड (जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला निघालेली पश्चिम युरोपातल्या ख्रिश्चनांची मोहीम), पोपचं आवाहन, जेरुसलेम हे बहुतेकांना माहीत असतं, ते परत सांगत नाही. पण बोहेमंडचं नाव निघालं की दरवेळी एकच वाक्य कानावर येतं, की या नॉर्मन सरदाराने बायझँटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या सम्राटासमोर शपथ घेतली आणि अँटिओक (आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण टोकाचं शहर) हातात येताच फिरला. मला हे वाक्य खटकतं, कारण नेमकी कसली शपथ हा प्रश्न त्यात कोणी विचारतच नाही.

घरचं थोडक्यात. माणूस नॉर्मन वंशाचा, म्हणजे मूळ उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा, पण वाढला दक्षिण इटलीत. बाप्तिस्म्याचं नाव मार्क, जन्मतःच दांडगा म्हणून वडिलांनी गोष्टीतल्या एका राक्षसाचं नाव ठेवलं ते कायमचं चिकटलं. आईवडिलांचं लग्न जवळच्या नात्यातलं ठरवून रद्द झालं आणि थोरला असूनही वारसा गेला सावत्र भावाकडे. 1081 पासून बापलेकांनी बाल्कनमध्ये बायझँटाइन साम्राज्यावर स्वारी केली, वडील मधेच इटलीला परतले तेव्हा याने एकट्याने सैन्य चालवून 1082 मध्ये सम्राट अलेक्सियसला दोनदा हरवलं, मग 1083 मध्ये लारिसाला डाव उलटला. म्हणजे 1097 च्या एप्रिलमध्ये क्रूसेडच्या वाटेवर सम्राटाच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, दोघं समोरासमोर आले तेव्हा हे जुने शत्रू होते. सम्राटाची मुलगी तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची, तिने म्हातारपणी लिहून ठेवलंय की सम्राटाने याच्यापुढे शिजवलेलं जेवण ठेवलं आणि शिवाय कच्चं मांसही पाठवलं, विषाची शंका असेल तर स्वतःच्या आचाऱ्यांकडून करून घे म्हणून. याने कच्चं घेतलं, शिजवलेलं आपल्या माणसांना वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तब्येत कशी आहे ते विचारलं. असल्या वातावरणात ती शपथ झाली.

आता शपथ. तिचा एक भाग असा होता की जी शहरं आधी साम्राज्याची होती ती जिंकली तर सम्राटाला परत द्यायची. अँटिओक त्यात बसत होतं यावर वाद नाही, 969 पासून ते बायझँटाइनांकडे होतं आणि सेल्जुक तुर्कांनी घेतलं 1084 मध्ये, म्हणजे फक्त तेरा वर्षं झाली होती. घोळ आहे तो दुसऱ्या भागात, बोहेमंड सम्राटाचा नक्की कोण झाला? आपल्याकडे मराठीत सरसकट ‘मांडलिक’ लिहून मोकळे होतात. मांडलिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो खंडणी भरणारा, मान खाली घालून उभा असलेला राजा. फ्रँक लोकांमधलं, म्हणजे या पश्चिम युरोपीय सरदारांमधलं नातं तसं नव्हतं, तिथे एकाने दुसऱ्याच्या हातात हात देऊन ‘मी तुझा माणूस’ म्हटलं की धन्यावरही बंधन यायचं, माणूस अडचणीत असताना त्याला मदत करायची, त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. आणि नुसती निष्ठेची शपथ ही याहून वेगळी, हलकी गोष्ट. तुलूझच्या काउंटने, म्हणजे क्रूसेडमधल्या दक्षिण फ्रान्सच्या बड्या सरदाराने तर ‘तुझा माणूस’ व्हायला साफ नकार दिला आणि सम्राटाच्या जिवाला व मानाला धक्का लावणार नाही एवढंच कबूल केलं, तेही चाललं. सम्राटाची मुलगी 1097 च्या प्रसंगाबद्दल ‘लॅटिन लोकांची (म्हणजे या पश्चिम युरोपीयांची) नेहमीची शपथ’ एवढंच म्हणते. ‘लिझिओस’ हा शब्द, म्हणजे सगळ्या धन्यांमध्ये ज्याचा हक्क पहिला त्याचा माणूस, ठळकपणे येतो तो बोहेमंडने सम्राटाशी केलेल्या 1108 च्या करारात. म्हणजे अकरा वर्षांनंतरचा, हरलेल्या माणसाकडून घेतलेला कागद आपण मागे नेऊन 1097 वर चिकटवतो आणि मग म्हणतो बघा, शब्द मोडला.

अँटिओकचा वेढा 1097 च्या ऑक्टोबरपासून चालला, उपासमार झाली, घोडे मेले, फेब्रुवारीत सम्राटाचा प्रतिनिधी आपली तुकडी घेऊन निघून गेला. बोहेमंडने आतल्या एका बुरुजाच्या अधिकाऱ्याला फितवलं होतं पण ते पत्ते आधी उघड केले नाहीत, आधी सगळ्या सरदारांकडून कबुली घेतली की जो शहर मिळवून देईल त्याचं ते, फक्त सम्राट स्वतः मदतीला आला आणि वचनाला जागला तर त्याला द्यायचं. ही कंडिशन महत्त्वाची आहे. 3 जून 1098 ला शहर पडलं, लगेच मोसुलचं मोठं सैन्य येऊन वेढा घालणारेच वेढ्यात अडकले, आणि त्याच महिन्यात मदतीला निघालेला सम्राट फिलोमेलियनहून माघारी वळला कारण पळून आलेल्या एका बड्या सरदाराने त्याला सांगितलं की सगळं संपलंय. सम्राटाच्या जागी बसून पाहिलं तर निर्णय समजतो, बुडालेल्या सैन्यासाठी उरलेलं सैन्य कोण घालवेल? पण आत अडकलेल्यांना मदत आली नाही एवढंच खरं, आणि 28 जूनची लढाई त्यांनी स्वतःच्या जिवावर जिंकली. माझ्या मते नातं दोन्हीकडून बांधणारं होतं असं धरलं तर बोहेमंडची बाजू इथे भक्कम होते, आणि नुसती निष्ठेची शपथ होती असं धरलं तर शहर परत द्यायची अट उरतेच. गंमत म्हणजे तुलूझचा काउंट, ज्याने सगळ्यात कमी शपथ घेतली होती, तोच शहर सम्राटाला द्या म्हणून अडून बसला. 1099 च्या सुरुवातीला बोहेमंडने त्याची माणसं अँटिओकमधून हाकलली. जेरुसलेम 15 जुलैला पडलं तेव्हा हा तिथे नव्हताच.

एका गोष्टीत मात्र मी बोहेमंडच्या बाजूने बोलणार नाही. त्याच्या सैन्यातल्या एका निनावी माणसाच्या हकिगतीत एक वाक्य आहे की सम्राटाने त्याला अँटिओकपलीकडे पंधरा दिवसांच्या वाटेइतकी लांब आणि आठ दिवसांच्या वाटेइतकी रुंद जमीन कबूल केली होती. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ते मागाहून घुसवलेलं आहे, आणि मलाही तसंच वाटतं, कारण असं वचन खरंच असतं तर सरदारांकडून वेगळी कबुली कशाला मागितली असती?

पुढचं झपाट्याने घडतं. 1100 मध्ये दानिश्मंद तुर्कांच्या कैदेत, 1103 मध्ये जबर खंडणी भरून सुटका, 1104 मध्ये हारानला पराभव, मग अँटिओक भाच्याकडे सोपवून युरोपात. 1106 मध्ये फ्रान्सच्या राजाची मुलगी केली आणि सम्राटाविरुद्ध लोक जमवत फिरला. 1107 मध्ये आजच्या अल्बेनियाच्या किनाऱ्यावरच्या ड्युरॅझो या साम्राज्याच्या बंदराला वेढा घातला, पण रसद तुटली, रोगराई झाली आणि 1108 मध्ये देवोलला वर सांगितलेल्या करारावर सही करावी लागली. अँटिओक फक्त हयातीपुरतं, मेल्यावर साम्राज्याकडे, तिथला पॅट्रिआर्क म्हणजे मुख्य धर्मगुरू कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चचा, आणि वर तो लिझिओस शब्द. बदल्यात मानाची पदवी आणि दरवर्षी ठरलेली रक्कम.

त्याने परत अँटिओकचं तोंड पाहिलं नाही, 1111 मध्ये इटलीतच वारला. भाच्याने करार मानला नाही, शहर सोडलं नाही. 1137 आणि 1159 मध्ये नंतरचे दोन सम्राट फौजेनिशी अँटिओकवर आले, त्यांचं वर्चस्व तिथल्या राजपुत्रांनी तेवढ्यापुरतं मान्य केलं, शहर मात्र राजपुत्रांकडेच राहिलं. हयातीपुरतं म्हणून लिहिलेलं अँटिओक 1268 मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाने घेतलं तेव्हा गादीवर सहावा बोहेमंड होता, आणि तो त्या दिवशी त्रिपोलीत होता.